टेकडीवरचं गवत कुणाचं? नेमगिरी, घोडे आणि गायरान

हा भाग ऐकायच्या ऐवजी वाचताय म्हणजे बहुतेक तुम्ही एस्टीत आहात आणि इअरफोन घरी राहिलाय. चालेल, मजकूर तोच आहे. बोलताना जे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ येतात, त्यातले निम्मे मी इथे काढून टाकलेत.

आज एका टेकडीवर जायचं आहे. माझं गाव बोरी, परभणी-जिंतूर रस्त्यावरचं, जिंतूर तालुक्यातलं. बोरीकडून जिंतूरच्या दिशेला निघालं की सपाट काळं रान हळूहळू चढायला लागतं. अजिंठ्याच्या डोंगररांगेचे शेवटचे फाटे इकडे येतात आणि पुढे हिंगोली-नांदेडकडे जातात. त्यातलीच एक टेकडी म्हणजे जिंतूरजवळची नेमगिरी. शहरापासून तीनेक किलोमीटर. वर जैन लेणी आहेत, शेजारी चंद्रगिरी नावाची जोडीदार टेकडी आहे. किल्ला नाही, बुरूज नाही, त्यामुळे ट्रेकिंगच्या ग्रुपवर हिचं नाव कधी येत नाही. पण मला आज लेण्यांबद्दलही फार बोलायचं नाही. पायथ्याच्या शेतापासून माथ्यापर्यंत मधे जो पट्टा लागतो ना, मुरमाड, कुसळी गवताचा, ज्याच्याकडे बघून आपण ‘इथं काहीच नाही’ म्हणतो, त्या पट्ट्याबद्दल बोलायचं आहे.

संक्रांत झाली की चालायला चांगलं. कापसाची शेवटची वेचणी, तुरीच्या काड्या, हरभऱ्याला घाटे, ज्वारी पोटऱ्यात किंवा निसवलेली. धुऱ्यावरून चालताना पायाखाली काळी माती असते, भेगाळलेली. मग एका ठिकाणी ती संपते. म्हणजे अक्षरशः वीस-पंचवीस पावलांत रंग बदलतो. काळ्याची तपकिरी होते, तपकिरीचा मुरूम होतो, आणि पिकाच्या जागी गवत येतं. पवन्या, मारवेल, आणि पँटला चिकटणारं कुसळ. गवताचा अभ्यास करणारे लोक दख्खनच्या या माळरानांना पवन्या-मारवेल गटातली माळरानं म्हणूनच ओळखतात. त्यात पवन्या आणि मारवेल ही जनावरांची आवडीची गवतं. चराई फार झाली की ती मागे पडतात आणि कुसळ राहतं. म्हणजे माळाची तब्येत कशी आहे ते तुमच्या सॉक्सवरून कळतं.

सातबाऱ्यावर या पट्ट्याची नावं बघा. शेतकऱ्याच्या गटात असेल तर ‘पोटखराब’. सरकारचा असेल तर ‘पडीक’, आपल्या मराठवाड्यात ‘परमपोक’ सुद्धा. गावाच्या जनावरांसाठी राखलेला असेल तर ‘गायरान’. आपल्याकडे सालारजंगाच्या काळात, १८६५ च्या जिल्हाबंदीनंतर, मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी सुरू झाली. त्या मोजणीचा प्रश्न एकच होता: या तुकड्यातून सारा किती येईल? ज्यातून येणार नाही ते खराब. सारं कोष्टक एका कॉलमभोवती बांधलं की असंच होतं. जे त्या कॉलममध्ये बसत नाही ते शून्य दिसतं, जरी ते शून्य नसलं तरी.

तर त्या शून्यात मला चार तट्टं चरताना दिसली. पुढचे दोन पाय दोरीने जवळजवळ बांधलेले, त्यामुळे उड्या मारत मारत पुढे सरकत होती. त्या दोरीला पायबंद म्हणतात. ‘भ्रष्टाचाराला पायबंद’ असं आपण बातमीत वाचतो ना, तो हाच. खाली हरभरा काढलेल्या एका रानात मेंढ्या बसवलेल्या होत्या आणि धनगरमामा बाभळीच्या सावलीला होते. नगरकडचे. मी विचारलं, मामा, घोड्यांना लांब सोडलंय, जाणार नाहीत का कुठं? म्हणाले, ‘जातंय कुठं, बिऱ्हाड कोन वाहणार मग?’ भांडी, तळ, कोकरं, कोंबड्या, पोरं, सगळं या तट्टांवर जातं. अशी तट्टं म्हटली की भीमथडीचं नाव निघतंच. भीमा-नीरेच्या खोऱ्यातल्या या घोड्यांना अलीकडेच कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने स्वतंत्र जात म्हणून नोंद दिली. ज्या घोड्यांवर एकेकाळी साम्राज्यं उभी राहिली, त्यांना ही कागदावरची ओळख मिळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

आता जरा मागे जाऊ. घोडा हे दख्खनचं मूळ जनावर नाही. चांगला घोडा समुद्रातून यायचा, अरबस्तान आणि इराणच्या आखातातून. तेराव्या शतकाच्या शेवटी, म्हणजे आपल्याकडे देवगिरीच्या यादवांचं राज्य असताना, मार्को पोलोने ठाण्याबद्दल एक मजेशीर गोष्ट लिहून ठेवली आहे. तिथल्या राजाचा समुद्री चाच्यांशी करार होता: लूट तुमची, पण त्यात घोडे सापडले तर ते माझे. सोनं घ्या, मोती घ्या, घोडे मला द्या. यावरून घोड्याची किंमत लक्षात येते.

असा महाग घोडा इथे टिकवायचा तर दोन गोष्टी लागतात, पैदास आणि गवत. आखाती रक्ताची स्थानिक तट्टांशी सरमिसळ होत होत बुटका, काटक, कमी खाणारा, दगडगोट्यांत न अडखळणारा दख्खनी घोडा तयार झाला. मलिक अंबरने मोगलांना वीसेक वर्षं दमवलं ते अशाच हलक्या घोडदळावर. १६१६ ची रोषणगावची लढाई इथून फार लांब नाही, जालन्याजवळ. आणि मराठ्यांचं घोडदळ कसं चालायचं ते तर शाळेत शिकलोय: बारगीर म्हणजे ज्याला सरकारी पागेतला घोडा मिळतो तो, शिलेदार म्हणजे जो स्वतःचा घोडा घेऊन येतो तो. हल्लीच्या भाषेत, एकाला कंपनीचा लॅपटॉप, दुसऱ्याला ‘स्वतःचं मशीन आणा’.

पण शाळेत एक गोष्ट सांगत नाहीत. घोडा रोज खातो. लढाई वर्षातले काही दिवस असते, भूक तीनशे पासष्ट दिवस असते. शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या छावणीतल्या लष्कराला लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नका, हे त्यातलं सांगणं आपण व्हॉट्सॲप स्टेटसवर ठेवतो. मूळ पत्र मात्र बऱ्याच अंशी चाऱ्याचं आहे. मुद्दा असा की पावसाळ्यासाठी दाणा आणि वैरण साठवून दिली आहे. ती आत्ताच मनाला येईल तशी उधळली तर पुढे मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि मग तुम्ही कुणब्यांच्या घरात घुसाल. गवताच्या गंजीजवळ कुणी चूल पेटवली, चिलीम ओढली, किंवा उंदराने दिव्याची जळती वात ओढून नेली, तर सगळी छावणी जाईल, इतकं बारीक त्यात लिहिलं आहे. राजाला उंदराची काळजी का? कारण गवत संपलं की घोडदळ शेतात शिरतं. कुरण आणि शेत या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एक नीट राखलं तरच दुसरं वाचतं. मला विचाराल तर महाराजांच्या पत्रांतलं हे सगळ्यात ‘इंजिनिअरिंग’ पत्र आहे.

आपल्या भाषेत घोडदळाचं सामान अजून पडून आहे. खोगीरभरती, म्हणजे खोगिरात कोंबलेला भुसा. तोबरा, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी. चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा. आणि पुण्यातल्या मुलींच्या शाळेला हुजूरपागा म्हणतात ते तिथे पेशव्यांची घोड्यांची पागा होती म्हणून.

आता आपल्या भागाकडे. १७२४ पासून मराठवाडा निजामाकडे. निजामाच्या राज्यात जमिनीच्या बऱ्याच जाती होत्या. खालसा म्हणजे सरकारी, सर्फ-ए-खास म्हणजे निजामाची खाजगी, जहागिरी, आणि एक ‘पायगा’. पायगा सरदारांची घराणी हैदराबादेत फार मोठी, त्यांचे वाडे आणि मकबरे आज पर्यटक बघायला जातात. पण शब्द ओळखीचा वाटला का? पायगा म्हणजेच आपली पागा. निजामासाठी घोडदळ ठेवायचं, त्याच्या खर्चासाठी मुलूख तोडून द्यायचा, ही मूळ कल्पना. पुढे घोडे कमी झाले, मुलूख राहिला, आणि नुसत्या तबेल्याच्या शब्दाचा खानदानी किताब झाला.

मग इंग्रज आले. हिंगोली अगदी १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होतं. जिंतूरहून औंढा नागनाथ करत गेलात तर साधारण साठ किलोमीटर. १८१९ च्या जानेवारीत निजामाच्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेने नोव्हाच्या गढीला वेढा घातला. आत होते नोवसाजी नाईक यांचे हटकर लोक, मूळचे धनगर, लढाऊ. गढी पडली. त्याच वर्षापासून हिंगोलीला या फौजेची छावणी झाली आणि ती १९०३ पर्यंत राहिली. या फौजेचं पुढे नाव पडलं हैदराबाद कंटिंजंट. तिच्या खर्चापायी निजाम कर्जात बुडाला आणि १८५३ च्या तहात वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्या तहात फौजेचा आकडाच लिहिलेला आहे: किमान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि तोफांच्या चार बॅटऱ्या.

दोन हजार घोडे. इथे मी मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढला. मध्यम दख्खनी घोडा धरा तीनशे किलोचा. दिवसाला साडेसहा किलो कोरडा चारा. दोन हजार घोड्यांना वर्षाला होतात सुमारे ४,७०० टन. मुरमाड माळावर हेक्टरी दीड टन वाळलं गवत धरा, आणि हे माझं धरणं आहे, तर तीन हजारांहून जास्त हेक्टर लागतील. जवळपास आठ हजार एकर. कडबा आणि दाणा वजा केला तरी आकडा लहान होत नाही. आणि हे घोडे एका जागी नव्हते. हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, औरंगाबाद, बोलारम अशा छावण्यांत वाटलेले. शिवाय हे रिसाले शिलेदारी पद्धतीचे. स्वाराने घोडा आणायचा किंवा घोड्याची ‘असामी’ विकत घ्यायची, आणि चारा-चंदी पगारातून भागवायची. म्हणजे या चार हजार सातशे टनांचा भार शेवटी कुठल्या ना कुठल्या माळावर आणि कुठल्या ना कुठल्या कुणब्याच्या ज्वारीच्या ताटांवर पडत होता. नेमगिरीचंच गवत हिंगोलीला गेलं असं मी म्हणत नाही. पण असे उतार होते म्हणून असं घोडदळ होतं, एवढं गणितच सांगतं.

१९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद मीटरगेज परभणीवरून धावायला लागली. १९०३ मध्ये किचनेरने कंटिंजंट मोडली, हिंगोलीची छावणी उठली. रिसाल्यांना हिंदुस्थानच्या लष्करात नवे नंबर मिळाले, त्यातला एक २० वा डेक्कन हॉर्स. पुढची गोष्ट मला झोप न येण्याइतकी विचित्र वाटते. १४ जुलै १९१६, फ्रान्स, सोमची लढाई. हाय वूड नावाच्या रानाकडे जाणारा एक साधा चढ, दोन्ही बाजूंना उभं धान्य. संध्याकाळी ७ वा ड्रॅगून गार्ड्स आणि आपला २० वा डेक्कन हॉर्स भाले घेऊन त्या शेतातून चढावर घोडे घालतात. समोर मशीनगन. धान्यात लपलेले काही जर्मन हाती लागतात, स्वार चढावर पोचतातही, पण रात्रभर थांबून पहाटे मागे यावं लागतं. रान पूर्ण ताब्यात यायला सप्टेंबर उजाडला. तोवर रिसाल्यात शीख आणि जाट होते, दख्खनी मुसलमानही होते. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणताना आपण हसतो, पण जुन्या परभणी जिल्ह्यातल्या छावणीत वाढलेल्या फौजेची जर्मनीशी गाठ खरंच पडली होती. आज डेक्कन हॉर्स ही भारतीय सैन्यातली रणगाड्यांची रेजिमेंट आहे. नावात घोडा आहे, टाकीत डिझेल.

घोडे गेले, उतार राहिला. मग त्याचं काय झालं? आपल्यासाठी ही गोष्ट फ्रान्सच्या गोष्टीपेक्षा जवळची आहे, म्हणून जरा थांबा.

गायरान गावाचं म्हणतात, पण गावातलं प्रत्येक घर गावाचं धरलं जात नव्हतं. ज्यांच्याकडे जमीनही नाही आणि जनावरंही नाहीत, त्यांना गायरानाचा काय उपयोग? १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, त्यात मराठवाडा पुढे होता. मागणी साधी होती: पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्या भूमिहीनांच्या नावावर करा. १९६४ मध्ये हा लढा देशभर गेला. सरकारने २८ नोव्हेंबर १९९१ ला निर्णय काढला की १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासी भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायची. तारीख बघा, आंबेडकर जन्मशताब्दीच्या वर्षाची. पुढे बीडकडे एकनाथ आव्हाडांनी मानवी हक्क अभियानातून हीच लढाई गावोगाव लढली. मार खाऊन, केसेस अंगावर घेऊन लोकांनी हा मुरूम फोडला आणि त्यात ज्वारी-तूर काढली. ज्याला मोजणीने खराब म्हटलं ते यांनी पिकवून दाखवलं.

दुसरीकडे, २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात सांगितलं की गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा. पंजाबातल्या एका तळ्याचा खटला होता, परिणाम देशभर. त्याच निकालात भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेल्या पट्ट्यांसारखे अपवादही आहेत, पण निकालाचा तो भाग कुणी मोठ्याने वाचत नाही. २०२२ च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महाराष्ट्रभर गायरानावरच्या दोन लाखांहून जास्त अतिक्रमणांना नोटिसा काढायची तयारी झाली आणि गावागावांत धास्ती पसरली. दुसऱ्या बाजूने सौर कृषी वाहिनी योजनाही आली. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून उपकेंद्राजवळच्या सरकारी जमिनीवर, गायरानावरसुद्धा, पॅनेल. दिवसा वीज मलाही हवी आहे, रात्री दोन वाजता मोटार चालू करायला जाणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा. पण ‘मोकळी जमीन आहे’ या वाक्यात जे मोकळं म्हटलंय त्यात भूमिहीनाची तूर आहे, गावच्या शेळ्या आहेत आणि मामांची चार तट्टं आहेत. या तिघांचंही आपसात पटतं असं नाही. मेंढरं तुरीत शिरली की भांडण होतंच. तरी माझं मत विचाराल तर जागा कुणाला द्यायची हे ठरवायच्या आधी तिथे आज कोण आहे याची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचली पाहिजे. नुसत्या सॅटेलाइट फोटोवरून हे काम होत नाही. फोटोत मेंढ्या दिसत नाहीत.

मामांना मी विचारलं, पुढं कुठनं जाणार? म्हणाले, ‘गेल्या साली हितनंच सरळ खाली उतरलो व्हतो. औंदा तिकडं तारंचं कुंपन हाय. आता वळसा, दीड दिसाचा.’ आणि उठून तट्टांकडे गेले.

मी पुढे माथ्यावर गेलो. लेण्यांत वाकूनच शिरावं लागतं, आत थंड. नेमिनाथ आणि शांतिनाथ आहेत, आणि पार्श्वनाथाची ती प्रसिद्ध मूर्ती, छोट्याशा दगडावर तोललेली. जिंतूरला पूर्वी जैनपूर म्हणायचे असं इथे सांगतात. बाहेर येऊन खाली बघितलं तर शेतांचे चौकोन स्पष्ट दिसतात, प्रत्येकाला गट नंबर, प्रत्येकाला मालक. आणि त्यांच्या नि टेकडीच्या मधे तो पिवळा पट्टा, वेडावाकडा, कुठल्याच चौकोनात न बसणारा.

जाता जाता एक काम. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती कुणबी नोंदी शोधत होती तेव्हा तुमच्यापैकी कितीतरी जणांनी तहसीलमध्ये जाऊन निजामकालीन कागदांचे, १९५४-५५ च्या खासरा पाहणीचे फोटो काढले असतील. उर्दू, मोडी, फसली सालं. ते फोटो अजून फोनमध्ये असतील तर पुन्हा उघडा. आपल्या आडनावाची ओळ सोडून बाकीच्या ओळी बघा. गावाची किती जमीन चराईला होती, कुठल्या नंबरात, हे तिथे सापडेल. तो आकडा आणि आजचा गायरानाचा आकडा शेजारी शेजारी लिहून मला पाठवा. बोरीचा मी काढतोय. कागद उर्दूत असेल तर मशिदीतल्या किंवा शाळेतल्या एखाद्या गुरुजींना दाखवा, आनंदाने वाचून देतात.